उताराचे कागद

अकोला, रविवार, १५ जानेवारी १९६१

मायला तो कागद दाखवायलाच नको होता. काय गरज होती?

लकव्यानं तिचं डावं अंग गेलं, औषध घेऊनही रक्तदाब हटत नाही, आणि तिचा मुलगा अमरावतीच्या प्रयोगशाळेत दाबावरच संशोधन करतो! आज तिनं विचारलं, तू तिथं करतोस काय? म्हणून प्रयोगातला, काजळी धरलेला आणि चपड्याच्या लाखेनं पक्का केलेला कागद पुढे धरला. कुत्र्याच्या रक्तात पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा एक छोटा तुकडा, सोडलं की दाब चढतो आणि सुई काजळीवर पांढरी रेघ ओढते, असं सांगितलं.

तिनं चांगल्या हाताचं बोट रेघेवरून वर नेलं. कागद संपला तिथं थांबली.

"चढलं ते समजलं मले. उतरते कुठी?"

"उतरते माय. थोड्या वेळानं, आपोआप."

"मंग माहं काहून नाई उतरत?"

कुत्र्याचा दाब उतरतो, कारण रक्तच त्या पेप्टाइडचे तुकडे करतं. रक्तातलं नेमकं काय? माहीत नाही. मी कधी बघितलंच नाही. प्रयोगशाळेतल्या साहेबांना चढच हवा असतो, म्हणून रेघेच्या शिखराशी कागदाला कात्री लावतो. उताराचे कागद दोन वर्षं टोपलीत फेकले. स्वतःच्या हातानं!

संध्याकाळी डॉक्टरांनी दाब मोजला. पट्टा गुंडाळताना माझ्याकडे बघितलं नाही.

माय झोपली आहे. कागद तिनं परत दिलाच नाही. बोट अजून त्या कापलेल्या कडेवर आहे.