एक बोदलकसा, दोन बोदलकसा

सर, तुमची मोजणी गावात अजून चालू आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, वर्गाच्या भिंतीवर तुम्ही रंगवलेली सूर्यमाला दोनदा चुन्याखाली गेली, पण वीज चमकली की धानाच्या रोवणीला वाकलेल्या बायका अजून एका सुरात मोजायला लागतात. त्याच शाळेत आता मी विज्ञान शिकवते, तुमच्याच डुगडुगत्या खुर्चीवर बसते, आणि आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही असताना तुमच्यासमोर तोंड उघडायची माझी टाप नव्हती. एकदाच उघडलं होतं, ते तुमच्या लक्षात असेल की नाही कोण जाणे.

आठवीचा वर्ग. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, आणि खडू टेबलावर आपटून म्हणालात, "चला तलावावर. फळ्यावर काही हालत नाही." बैल बांधायच्या दोराला मीटरपट्टीने मापून गाठी मारल्या होत्या. तो दोर टाकत टाकत आम्ही तलावाची पाळ मोजत निघालो, आणि पाळ जिथे वळली तिथेही दोर तसाच वळवला. तुम्ही असे भडकलात! "अरे बाबांनो, पाळीवरून तुम्ही चालता. आवाज थोडीच वळणं घेत येते! त्याचं अंतर सरळ मोजा." मग पाळीचा सरळ तुकडाच तेवढा धरला. त्याच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला बाभळीच्या फांदीला टांगलेली शाळेची घंटा, म्हणजे तो रुळाचा तुकडा. आणि हातोडा कोणाच्या हाती? शाळेत खिचडी शिजवायची ती माझी आई. "पोट्ट्यांच्या हातात जोर नाही, तुम्हीच मारा बाई," म्हणालात. पदर खोचून, नाही नाही म्हणत ती निघाली, पण चाल बघायची होती तिची.

लांबून ती एवढीशी दिसते आहे. हातोडा वर जातो, खाली येतो, आणि काहीच ऐकू येत नाही. आई पुन्हा हातोडा उचलते, तो वर पोचतो, आणि तेव्हा कुठे टण्ण! हातोडा वर आणि आवाज खालचा. आम्ही सगळे ओरडलो. आठवडी बाजारात एकदा आलेल्या जादूगारालाही आम्ही एवढे ओरडलो नव्हतो. तुम्ही म्हणालात, "डोळा पहिले पोचते, कान मागून येते. मधला जो वेळ, त्याच्यात अंतर लपलेलं आहे." आणि तिथेच, पाळीवर, विजेचं गणित सांगितलंत. चमकल्यापासून गडगडेपर्यंत मोजायचं, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. घड्याळ कोणाकडे होतं? म्हणून तुम्हीच तोड काढलीत, "एक बोदलकसा, दोन बोदलकसा असं म्हणा. घाई न करता म्हटलं तर एक बोदलकसा म्हणजे एक सेकंद." बोदलकसाच्या जलाशयावर आमची सहल नुकतीच गेली होती, त्यामुळे पोरं खूश. मग तुम्ही तो नियम सांगितलात, ज्याच्यासाठी मी आज बसले आहे. "मोजणी दहाच्या वर गेली, म्हणजे वीज तीन किलोमीटरच्या पलीकडे. खुशाल काम करा."

मी हात वर केला. "सर, ही झाली पडलेली वीज. पुढची कुठं पडन?" तुमच्या कपाळावर आठी. "मोजायला दिलं तेवढं मोज. पुढचं कोणाला मोजता येत नाही. शहाणपणा नको, बस खाली." पोरं हसली. माझे कान तापले, आणि रडू नको रडू नको म्हणता रडलेच. दुसऱ्या दिवशी सुट्टीत तुम्ही मला बोलावलंत आणि खिशातून घड्याळ काढून हातावर ठेवलंत. पट्टा नसलेलं, काचेवर चरा, पण सेकंदकाटा ठणठणीत. "ठेव," एवढंच म्हणालात. ते उत्तर होतं की समजूत होती, सर, मला अजून उलगडलेलं नाही.

नियम पोरांनी घरी नेला, घरून तो शेतात, बांधीत गेला. धानाच्या एकेका बांधीत दहा-बारा बायका रांगेने वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावतात, रोवणीचा गुत्ता घेतलेला असतो, काम संपेल तेव्हाच पैसे, आभाळ भरून आलेलं असतं. चमकलं की सगळ्या मोजतात, दहाच्या वर गेलं की हात पुन्हा चिखलात. खरं सांगते, लहानपणी मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! आमच्या गावच्या बायका विजेला भीत नाहीत, विज्ञानाने वागतात, असं मी कॉलेजात मिरवलेलं आहे. मग बीएडनंतरच्या एका प्रशिक्षणात एकजण सहज म्हणाले, वीज आपल्या ढगापासून दहा-दहा किलोमीटर लांबही पडते, डोक्यावर ऊन असलं तरी पडते. आवाज ऐकू आला, की आपण तिच्या टप्प्यात आलोच. मला तिथल्या तिथे आमच्या बांधीतल्या बायका दिसल्या. तुमचं अंतर बरोबर होतं सर, शंभर टक्के बरोबर. पण ते होऊन गेलेल्या विजेचं अंतर होतं, आणि माणूस मरतो तो पुढच्या विजेने.

मागच्या वर्षी शेजारच्या गावात रोवणीत दोघी विजेने गेल्या. त्यांच्या डोक्यावर धड काळं आभाळही नव्हतं. आमच्या गावात त्यावर काय म्हणाले माहीत आहे? "त्यायनं मोजलं नसन." मी घरोघरी सांगत फिरले, आवाज आला की काम सोडा, पक्क्या छताखाली जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलू नका. ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि मी उंबरा ओलांडायच्या आत, "सरपेक्षा शहानी झाली काय हे?" सगळ्यात मोठ्याने हसली माझी आई. खिचडीचं काम सुटल्यापासून ती रोवणीच्या टोळीत जाते, ऐकतच नाही. तुमच्यावर एक शब्द उणा खपत नाही तिला. त्या दिवशी मला तुमचा राग आला, सर. मनापासून आला.

आणि मग या पावसाळ्यातला तो रविवार. शाळेच्या मागच्याच बांधीत टोळी लागलेली. मी शाळेत गळक्या खोलीतून पुस्तकं हलवत होते. पश्चिमेकडे चमकलं, बऱ्याच वेळाने घुमलं. मी किल्ल्यांचा जुडगा तसाच हातात घेऊन बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, पळाले. "निंगा! सगळ्या शाळेत चला!" टोळीची म्होरकी काकू, कंबर न उचलता, "काऊन वो मॅडम, तेरा मोजले न आमी. अर्धी बांधी राहिली आहे, पऱ्हे सुकतीन." मी म्हटलं, तुम्ही मोजता कशा ते बघा. बोदलकसा केव्हाच गाळलात, नुसतं एकदोनतीनचार पळवता. काम उरकायची घाई असली की मोजणीही पळते, आणि वीज आहे त्यापेक्षा लांब वाटते. ते मात्र काकूला लागलं. पुन्हा चमकलं तशी आईच ताठ उभी राहिली, चिखलाचे हात कमरेवर, आणि माझ्याकडे बघत, एकेक शब्द दाताखाली चावून म्हणू लागली. "एक बोदलकसा. दोन बोदलकसा." सगळ्या तिच्या मागे. मी मनात विनवत होते, सातला वाज, आठला वाज. नऊ गेले. दहा गेले. अकरा बोदलकसाला गडगडलं. "घे!" आई म्हणाली. "अकरा. तुया सरच्या हिशोबानं. आता जाय, पुस्तकं लाव."

तुमच्याच मापाने तुम्ही मला हरवलंत, सर. अकरा होते, खरेच अकरा होते, त्यात खोट काढायला जागा नव्हती. माझी आई उघड्या बांधीत घोटाभर पाण्यात पाठ वाकवून उभी, अख्ख्या बांधीत त्या बायकांहून उंच काही नाही, आणि मी धुऱ्यावर किल्ल्या वाजवत उभी. हात धरून ओढणार तरी किती जणींना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सरांनीच सांगितलं आहे!" सगळ्या थांबल्या. "शेवटी मी भेटायला गेले होते न गोंदियाच्या दवाखान्यात, तेव्हा सांगितलं. दहाचा नियम मोडून टाक म्हणाले. आवाज आला की निघायचं, मोजायचं नाही. गावात सांग म्हणाले. मीच सांगायची राहिले."

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी नजर हलू दिली नाही, कशी ते मलाच ठाऊक. मग तिने हातातली पऱ्ह्यांची जुडी पाण्यात ठेवली. "सर म्हनले असन तं चला." बस, एवढंच. वर्षभर मी घसा फोडत होते आणि तुमचं नाव घेताच अख्खी टोळी धुऱ्यावर! दोघी-तिघी धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली वळायला लागल्या, डबे तिथेच ठेवलेले होते, म्हणून. "झाडाखाली नाही! डबे राहू द्या!" मी एवढी ओरडले की काकूने मला वेडी ठरवलंच असणार. बांधीपासून शाळा ती किती, पण त्या दिवशी ती जवळ येईचना. मी सगळ्यांच्या मागे होते, सारखी मान वळवून आभाळ बघत.

शाळेत येऊन बसलो, आणि काही झालं नाही. पाऊसही नाही. उलट थोडं उघडलं, समोरच्या बांधीतल्या पाण्यावर ऊन आलं. काकू कुरकुरायला लागली, "गुत्ता बुडवला वो या मॅडमनं." कोणी लुगडं पिळत होतं, कोणी पायाच्या जळवा काढत होतं. मी दारात आडवी उभी, अर्धा तास म्हणजे अर्धा तास, म्हणून. पण आतून माझीही हिंमत सुटत चालली होती. काकू उठली, "सरक वो माय, डबे तरी आनतो," म्हणत माझ्या खांद्याशी आली.

आणि उजेड झाला. मी सवयीने तोंड उघडलं, पण 'एक' म्हणायलाही जागा नव्हती. उजेड आणि आवाज एकच. जमीन पायाखालून हलली, खिडकीची काच पडली, काकू माझ्या अंगावर कोसळली. मग धुऱ्यावर पाहिलं तर मोहाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत सोललेली, आतलं लाकूड पांढरंफटक, आणि डबे पार बांधीच्या मध्यात. काकू रडत होती, माझा हात सोडत नव्हती. मी पण रडत होते. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिने हात जोडले होते. मला वाटलं, देवाला. ती म्हणाली, "पाहा बाप्पा. सर कधी चुकले नाही."

आता गावात हाच तुमचा नियम आहे. चमकलं की सवयीने मोजतात अजून, पण पोरं, बाया, गडीमाणसं, सगळे म्हणतात, सर म्हनले होते, आवाज आला का निंगा. मी वर्गात तलावाच्या पाळीचा तोच प्रयोग घेते, तुमच्याच घड्याळावर सेकंद मोजते, बोदलकसाही म्हणायला लावते, आणि शेवटी तुमच्या नावाने तुम्ही न सांगितलेलं सांगते. नको वाटतं, पण बदलणार नाही. दवाखान्यातला तो दिवस तुम्हाला आठवतो का? तुमची वाचा गेली होती. मी तासभर बसले, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, डोळेही उघडले नाहीत. बाहेर कुठे तरी गडगडलं तेव्हा चादरीवर तुमचं एक बोट हाललं, हळू, पुन्हा पुन्हा. मोजत होता, एवढं मला कळलं. बाकी काही नाही.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, माहीत आहे. पण एक गोष्ट तुमच्या कानावर घालायला हवी होती. त्या संध्याकाळी चूल पेटवता पेटवता, पाठमोरी राहूनच, आईने मला विचारलं, "आनखी काय म्हनले होते सर? माहं नाव घेतलं का? घंटा मीच वाजवली होती न." मी हो म्हटलं. ते तेवढं सांभाळून घ्या, सर.