पिंपाची कड

आई, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात, पण तुझं ते बोट मात्र परवापासून माझी पाठ सोडत नाही. लिहायला बसले खरी, पण एका जागी बसवत नाही. दोनदा उठून घरातल्या पिंपाचं झाकण उचललं, आत बॅटरी मारली. फ्रीजमागचा ट्रे ओढून पाहिला. काही नाही. तरी पुन्हा उठेन, माझं मला ठाऊक आहे.

माझी नोकरी ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. सोलापुरात घरोघर जाऊन मी लोकांनी साठवलेलं पाणी तपासते आणि त्यात डासांच्या अळ्या दिसल्या की ते ओतून द्यायला लावते. तू सांगोल्याकडची, टँकरमागं घागर घेऊन धावलेली, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा शेळीला पाजणारी. आणि तुझी पोर लोकांची भरली पिंपं आडवी करते. इथंही नळाला रोज पाणी नाही, मधे चार-पाच दिवस जातात, म्हणून दारोदार पिंपं. मला बघितलं की बाया दार लोटून घेतात. त्यांचं चुकतंय असं मला मनातून कधी वाटलंच नाही, आणि तिथंच माझं घोडं पेंड खातं.

महिन्यापूर्वी यंत्रमागांच्या वस्तीत एका घरी गेले. म्हातारी दारात विड्या वळत बसलेली, शेजारी तिची आठ वर्षांची नात अभ्यास करत होती. पोरीचे आईबाप कामावर. मोरीजवळ निळं पिंप, अर्धं भरलेलं. बॅटरी मारली तर पाण्याच्या वरच्या अंगाला अळ्या डोकी खाली करून लटकलेल्या, माझी सावली पडताच वळवळत तळाला गेल्या. डेंग्यूच्या डासाच्याच होत्या. म्हटलं, "अम्मा, हे ओतावं लागंल." घरात तेलुगू बोलणारी ती बाई मला मराठीत म्हणाली, "परवा आलंय पाणी. आता येणार ते चार दिवसांनी. हे ओतलं तर पोरीला काय पाजू, तूच सांग की." तिनं हात जोडले नाहीत, भांडलीही नाही. विडी वळता वळता विचारलं, बस्स. मला तिच्या जागी तू दिसलीस, दुसरं काय.

मग मी तुझ्यासारखंच केलं. फडकं मागितलं, दुहेरी केलं, सगळं पाणी बादल्या-घागरींत गाळून घेतलं, अळ्या उन्हात झटकल्या आणि तेच पाणी परत पिंपात ओतलं. घासायला आणखी दोन बादल्या गेल्या असत्या, त्या वाचवल्या. अम्मानं चहा केला. म्हणाली, "तू एकटीच शहाणी निघालीस, बाकीचे नुसते ओतून जातात." मी फुशारले. वहीत लिहिलं: रिकामे करून घासले.

आमच्या साहेबांनी शिकवताना फळ्यावर पिंप काढून दाखवलं होतं. ही डासीण अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या कडेला चिकटवते. काजळीच्या कणांएवढे काळे ठिपके. पाणी ओतलं, पिंप ठणठणीत कोरडं पडलं, तरी ती महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, कड घासायची. हे मला तोंडपाठ होतं. इतर घरी मीच बायांना घसा कोरडा करून सांगते. आणि त्या दिवशी ते सगळं चहाबरोबर गिळून आले.

परवा दवाखान्यातून डेंग्यूच्या पेशंटच्या पत्त्यांची यादी आली. तिसरा पत्ता तिचा, त्या नातीचा. ताप, पेशी रोज खाली. डास शेजारचाही असेल, सगळं तुझ्यावर ओढून घेऊ नकोस, असं मैत्रीण म्हणते. असेलही. पण तेव्हापासून तू आठवतेस. टँकर यायच्या सकाळी आपलं लोखंडी पिंप आडवं करून तू मला आत सोडायचीस. एकदा मी नुसता तळ घासला आणि बाहेर येऊन म्हणाले, झालं. तू कडेवरून बोट फिरवलंस आणि ते हिरवं शेवाळ माझ्या गालाला पुसलंस. "तळ काय धरून बसलीस? कडंला घास की. घाण तितंच धरती." मी दिवसभर रुसले. संध्याकाळी तू माझ्या मुठीत मावेल एवढी काथ्याची घासणी वळून दिलीस आणि म्हणालीस, "ही तुजी. आता सबब न्हाय." तुला अंड्यांचं काय माहीत होतं गं? काही नाही. तरी तुझं बरोबर होतं, आणि शिकूनसवरून माझं चुकलं, याचा मला फार राग येतो. तुझा नाही, माझाच.

आज दुपारी काथ्या घेऊन त्या घरी गेले. पिंप पार रिकामं केलं, कड घासली, हाताची सालं निघेपर्यंत घासली. अम्मा नुकतीच दवाखान्यातून आली होती. पोरीच्या पेशी आज पहिल्यांदा थोड्या वर आल्यात, पण डॉक्टर अजून दोन दिवस थांबा म्हणतात. ती दाराशी टेकून बघत होती. म्हणाली, "हे मागच्या येळी का न्हाई केलं?" तिच्या बोलण्यात संशय नव्हता. मी म्हटलं, "तेव्हा तसा आदेश नव्हता, अम्मा." "व्हय, तुजा काय दोष," ती म्हणाली. "तू तर आमचं पाणी वाचवलंस." आणि चहा ठेवायला आत गेली. मी तो चहासुद्धा प्याले.

हे पत्र कुठं पाठवायचं? कामाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय, पुढच्या पानावर अजून 'घासले' तसंच आहे. खोडायला दोनदा पेन उचललं होतं. आई, मी परत नुसतंच "झालं" म्हणाले गं, आणि या वेळी बोट फिरवून बघणारं कोणी नव्हतं.