तरीवाला आजा आणि एका शिंगाची म्हैस

जठारपेठ, अकोला
मंगळवार दुपार

श्रीमती भागीरथाबाई, मुक्काम राजापेठ, अमरावती, यांना प्रियदर्शनीचा जयभीम आणि नमस्कार. दोन्ही कोरडे समजावेत.

आपले गुडघे कसे आहेत? चिरंजीव चंदनच्या दुकानासमोरचा तो खड्डा बुजला का? सूनबाई मोनाली वेळेवर चहा देते की तिची मालिका संपेपर्यंत आपण वाट बघत बसता? इकडे सर्व ठीक आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्याचं सांगितलं असून येत्या सोमवारी ते छाती उघडणार आहेत. तो विषय इथेच संपला, कारण मला तुझ्याशी त्याहून गंभीर बोलायचं आहे. (आज तुला अहो-जाहो करायचं ठरवलं होतं. चार ओळींत दम गेला.) फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी हसते, आणि आज मला हसायचं नाही.

तर तू माझी छप्पन वर्षं फसवणूक केलीस.

‘खाडीवरचा कंदील’ आठवते ना? आठवत नाही म्हणू नकोस. सातवीत होतो आपण. तुझे वडील पंजाबराव काका शाळेच्या प्रार्थनाघराला फुलं पुरवायचे, म्हणून सिस्टरांनी तुला शाळेत घेतलं होतं, आणि फुलांच्या पुड्या बांधायला काका रद्दी आणायचे, म्हणून ती कादंबरी आपल्याला मिळाली. पुठ्ठा नव्हता, शिवण सुटलेली. सिस्टर आपल्याकडून इंग्रजी फुलांच्या कविता पाठ करून घ्यायच्या, आणि आपण भूगोलाच्या वहीत लपवून कोकणातल्या तरीवाल्या आजाची आणि त्याच्या नातीची, येशीची, गोष्ट वाचायचो. वाट बघवेना म्हणून आपण पुस्तकाचे दोन तुकडे केले. पहिला मी घेतला, दुसरा तू. माझा तुकडा तीन दिवसांत वाचून झाला. आजा वादळात पलीकडच्या तीरावर अडकलेल्या माणसांना आणायला आपली तर, म्हणजे होडी, घेऊन निघाला, येशी कंदील घेऊन धक्क्यावर उभी राहिली, आणि पानं संपली. मी धावत तुझ्याकडे आले, तर तू तोंड बारीक करून म्हणालीस, बाबांनी त्या पानांत झेंडू बांधून टाकला. पण माझं वाचून झालंय, मी सांगते.

आणि तू सांगितलंस, रोज थोडं थोडं, सव्वीस दिवस. (काय सांगितलंस!)

आता ऐक मागच्या बुधवारचा प्रकार. इथे आमचं बायकांचं वाचन मंडळ आहे. बालपणीच्या आवडत्या पुस्तकावर बोला म्हणाल्या. मी एकोणचाळीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांना ‘कृपया नंबर तपासून पाहा’ असं बजावत आले, पण स्वतः मात्र काहीही न तपासता उभी राहिले आणि चाळीस मिनिटं बोलले. वादळ सांगितलं, कंदील सांगितला. मग सांगितलं की तर उलटल्यावर आजाच्या हाताला पाण्यात एका शिंगाच्या म्हशीचं शेपूट लागलं, आणि तो ते धरून सव्वीस दिवसांनी बाळापूरला, किल्ल्याखाली, दोन नद्या मिळतात तिथे वर आला. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, भारावल्या. त्या दिवशी अध्यक्षपदी पाहुणे म्हणून देवराव सर होते, निवृत्त मुख्याध्यापक, फार सभ्य माणूस. त्यांनी एवढंच विचारलं की कोकणातल्या खाडीत पडलेली म्हैस सह्याद्री चढून बाळापूरला कशी आली असावी. मी म्हटलं, मोठ्या साहित्याला असले प्रश्न विचारायचे नसतात. (हे वाक्य मी कॉन्व्हेंटच्या उच्चारात म्हटलं. त्या उच्चारापुढे आजवर कोणी टिकलं नव्हतं.) ते मात्र टिकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कादंबरीची आपली प्रत घरी पाठवली, शेवटच्या प्रकरणात सुबकशी खूण घालून.

भागीरथा, त्यात म्हैस नाही. बाळापूर नाही. लग्नानंतर मी यांना बाळापूरच्या किल्ल्यावर नेलं होतं, म्हैस कुठून वर आली ते बोटाने दाखवलं होतं, आणि त्या भल्या माणसाने त्या चिखलाचा फोटो काढला होता. तो अजून अल्बममध्ये आहे. बाळापूरला तुझा मोतीराममामा राहायचा आणि त्याच्या गोठ्यात एका शिंगाची म्हैस होती, हे मला काल रात्रीच्या आमटीत मीठ घालताना आठवलं. बरं, मीही काय मुलगी होते. पहिल्या अर्ध्या भागात कोकणातलं बोलणारा म्हातारा दुसऱ्या अर्ध्यात आपल्यासारखं वऱ्हाडी ‘कावून’ आणि ‘मले’ म्हणायला लागला, तरी मला शंका आली नाही. उलट वाटलं, पाण्यात राहून माणूस सुधारला.

रागाच्या भरात मी कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. चुका काढायच्या होत्या. बाराव्या वर्षी जे आवडलं ते अडुसष्टाव्या वर्षी पोरकट वाटेल अशी खात्री होती. तसं काही झालं नाही. तरीत झिरपलेलं पाणी आजा नारळाच्या करवंटीने उपसतो ते दीड पान मी तीनदा वाचलं. आपण कधी खाडी पाहिली नव्हती, तरी तेव्हा माझे हात खारट झाले होते. परवा पुन्हा झाले. एवढं बारीक, एवढं शांत कोणी कसं लिहू शकतं? दूध उतू गेलं, बाई येऊन बेल वाजवून गेली, मी खुर्चीतून उठले नाही. आणि मग शेवट. आजा परत येत नाही. येशी धक्क्यावर नऊ रात्री उभी राहते, दहाव्या पहाटे कंदील फुंकून विझवते आणि घरी जाते. एवढंच. त्या शेवटाला हात लावायची माझी ऐपत नाही, इतका तो मोठा आहे. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पदराने चष्मा पुसत बसले.

मग तो विझवलेला कंदील मला टोचायला लागला. कारण तुझ्या गोष्टीतही येशी कंदील विझवते. आजा ओल्या धोतराने वर येतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, “पोरी, उजाडलं ना. आता कंदील कावून जाळून राहिली?” म्हणजे तू शेवट वाचला होतास. नीट वाचला होतास, आणि माहीत असून बदललास.

मी कालनिर्णय घेऊन बसले, तो काही कामाचा नव्हता, म्हणून बोटांवर मोजलं. ते सव्वीस दिवस माझी आई मोठ्या दवाखान्यात होती. पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि जखम चिघळली होती. शाळा सुटली की आपण दोघी चालत तिकडे जायचो. तू आधी आत जाऊन नर्सबाईशी काहीतरी बोलायचीस, मग बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसून पुढची गोष्ट सांगायचीस. मला वाटायचं तू पाणी प्यायला जातेस. आईला हुडहुडी भरली त्या दिवशी आजाच्या हातून शेपूट सुटलं होतं. ताप उतरला त्या दिवशी म्हशीचे पाय जमिनीला लागले. आणि आई रिक्षात बसून घरी आली त्या दिवशी आजा बाळापूरला पोचला. बारा वर्षांची होतीस तू, भागीरथा. गणितात तुला चाळीसच्या वर कधी मिळाले नाहीत, आणि हा हिशेब तू सव्वीस दिवस एकदाही चुकवला नाहीस. त्या पानांत झेंडू काकांनी बांधला नव्हता, हेही आता मला कळलं आहे.

सिस्टरांनी आपल्याला सांगितलं होतं की खोटं बोलणं पाप आहे. त्यांना भेटून मला काही शंका विचारायच्या आहेत. तूर्तास मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि तसं लेखी कळवत आहे.

तुझी,
प्रियदर्शनी

ता. क. माझी नात प्रतीक्षा, वय अकरा, मी खाली ठेवली की तीच प्रत उचलून वाचते. तीन दिवसांत दोनशे पानं संपवली, आता दोनशे दहाव्या पानावर आहे. परवा नागपूरचं कळल्यापासून रोज चारच पानं वाचते. काल विचारलं, “आजी, तो आजा परत येतो ना? नुसतं हो किंवा नाही सांग.” मी म्हटलं, वाच म्हणजे कळेल. असं उत्तर देऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे मला काही काम नव्हतं.

ता. क. दुसरा. आज दुपारी ती शाळेत असताना मी ब्लेडने शेवटची अकरा पानं कापली. पुस्तक देवराव सरांचं आहे हे कापून झाल्यावर आठवलं. पानं या पाकिटात आहेत. त्यांत झेंडू बांध.

ता. क. तिसरा. सोमवारी मुलगा आणि सून माझ्यासोबत नागपूरला येतील, प्रतीक्षाजवळ घरात कोणी नाही. तू रविवारी सकाळच्या बसने ये. गुडघ्याला पट्टा बांधून ये. रोज ती शाळेतून आली की आधी नागपूरला फोन करून माझं विचार, मग तिला पुढचं सांग. डॉक्टर दहा दिवस म्हणतात. मला उशीर झाला तर म्हशीला घाई करू नकोस, वाटेत आणखी चार गावं घाल. आणि कंदील मी आल्याशिवाय विझवू देऊ नकोस.