उसना हात

नांदेड,
४ सप्टेंबर २०२३

ती. अंबरीशदादास,
शि. सा. न. वि. वि.

मी सांगतेय आणि मला सांभाळणारी शबाना लिहून घेतेय. इथल्या कॉलेजातली मंडळी माझ्या डोक्यावर तारांची टोपी घालतात. मी मनात हात उचलायचा विचार करते आणि टेबलावरचा यंत्राचा हात उचलला जातो. भूकंपापासून तीस वर्षं मानेखाली काही हललं नव्हतं; काल मी पेला धरला. तीनदा सांडला. शबाना म्हणते, त्या निमित्ताने फरशी तरी पुसून झाली. महिनाअखेर प्रयोग संपेल, यंत्र परत जाईल. त्याआधी ये. लातूरहून नांदेड काही विलायत नाही.

लोभ आहेच, तो एकदा डोळ्यांना दिसू दे.
तुझी प्रेमला

लातूर,
१२ सप्टेंबर

चि. प्रेमला हिस अ. उ. आ.

क्लासमध्ये मुलांच्या चाचण्या सुरू आहेत, फिजिक्सला दुसरं कोणी नाही, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. यंत्र तुझ्या मनातलं ओळखतं हे वाचून मला धडकी भरली. ढिगाऱ्यातून तुला मीच दोन्ही हात धरून ओढलं. तुळई अंगावर होती, तू ओरडत होतीस, तरी ओढलं. पुढे डॉक्टर म्हणाले, अशी ओढली नसती तर कदाचित चालली असती. हे तुला कधी सांगितलं नाही. वर्षातून एकदा येतो, तेही तुझ्याकडे न बघता बसतो.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
अंबरीश

नांदेड,
१ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

यंत्राला मनातलं काही कळत नाही. हात वर, हात खाली, मूठ उघड, मूठ मीट, बस्स. डॉक्टरांचं बोलणं मी तेव्हाच ऐकलं होतं, दार उघडं होतं. कितीतरी वर्षं तुझा राग केला. तू आलास की झोपेचं सोंग घ्यायचे. क्षमा केली, असं शबानाला लिहायला सांगणार होते. नाही सांगितलं.

शुक्रवारी यंत्र नेलं. त्याआधी कॉलेजवाल्यांनी विचारलं, काही करायचंय का? तुझा हात धरायचा होता. तू आला नाहीस, म्हणून शबानाचा धरला. फार माया दाटून आली, सोडवेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मला आनंदाचं वाटलं. शेवटी ती म्हणाली, "ताई, सोडा. लई दुखून राहिलं."

मनगटावर वळ उठलेत. मला कळलंच नव्हतं.

तेव्हापासून तुझा राग पूर्वीसारखा येत नाही. पुरता गेलाय असंही नाही. शबाना त्याच दुखऱ्या हाताने हे लिहितेय, म्हणून थांबते. तू ये.

तुझी प्रेमला