हातोडा, हौस आणि एक बदक

२ मे १८७६
परगण्याचं हातोडाफेकीचं विजेतेपद यंदाही माझंच. आजपासून बिअर बंद. रोज पहाटे सराव.

३ मे
पाऊस. पहाट उद्यापासून. बिअर घेतली, पण औषधापुरती.

९ मे
सराव केला. हातोडा मागे सुटला आणि धाकटे पाद्री मिस्टर टिबेट यांच्या कोबीत पडला. वारा फार होता. टिबेटनी तो उचलून परत आणून दिला. काडीपहिलवान माणूस, पण गेल्या साली मीच त्यांना हातोडा धरायला शिकवलं, त्याची जाण आहे.

११ मे
सायलस ब्रॅग नावाच्या लोहाराने स्पर्धेत नाव दिलंय! दिवसभर घण मारणारा तो धंदेवाईकच. आमचा खेळ हौशी सद्गृहस्थांचा. मी घाबरलो असं मुळीच नाही, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. सेक्रेटरी होलरॉयड यांना म्हटलं, नियम अक्षरशः पाळा. हातावर पोट असणारा बाद, खेळ शिकवून मोबदला घेणाराही बाद.

१५ मे
ब्रॅग बाद. रस्त्यात टोपी काढून विचारतो, "काय साहेब, न फेकताच लागला का माझा हातोडा?" चोख उत्तर सुचलं, पण घरी आल्यावर.

२० मे
होलरॉयड चहाला आले. माझी बहीण डॉर्कस कौतुकाने म्हणाली, "दादाने टिबेटना हातोडा शिकवला बरं का! त्यांनी केवढं छान बदक पाठवलं होतं!" होलरॉयडांनी कप खाली ठेवला. बदक म्हणजे मोबदला म्हणे! मी म्हटलं, अहो, साधं बदक ते! तर म्हणाले, "अक्षरशः पाळा, असं आपणच म्हणालात." वर खाल्लं का, अशी चौकशी. डॉर्कस म्हणाली, "दोन्ही तंगड्या दादानेच!"

२१ मे
मीही बाद. धंदेवाईक! आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं. डॉर्कसशी अबोला धरला. जेवणापुरता सोडला.

२६ मे
मार्ग सापडला. टिबेट काहीच शिकले नाहीत, म्हणजे मी शिकवलंच नाही, म्हणजे बदक ही निव्वळ भेट. तसा अर्ज दिला. होलरॉयड म्हणाले, "टिबेटनीही नाव दिलंय. मैदानातच कळेल." निर्धास्त झालो. त्या बिचाऱ्याला हातोडाच फेकून देतो.

३ जून
टिबेट पहिले आले.
कसे आले, देव जाणे. मैदानाच्या मधोमध उभे राहून माझ्याकडे बोट दाखवत ओरडले, "हे सगळं माझ्या गुरुजींचं!" होलरॉयडांनी माझा अर्ज शांतपणे फाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ब्रॅगने सगळ्यात जोरात. काय करणार, मीही मान डोलावत उभा राहिलो. डोळे भरून आले. लोकांना वाटलं, शिष्याच्या कौतुकाने.