तू थेट बोलत होतास तेव्हा

चिरंजीव बंधुराजांस ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही मायलेकी खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझी खुशाली विचारत नाही, कारण दर रविवारी सकाळी ती तू साऱ्या जगाला सांगतोस आणि त्या जगात आता आम्हीही आलो आहोत. होय, तू पाठवलेल्या कॉम्प्युटरवर इंटरनेट रेडिओ सुरू झाला. ‘तुम्हाला जमणार नाही, राहू दे,’ असं तू म्हणाला होतास, त्यामुळे मला जमवणं भागच होतं.

कॉम्प्युटर पोचला. (तुझ्याकडे होता तोवर ती अडगळ होती, आमच्याकडे येताच भेट झाली.) त्याच्यासाठी शिलाई मशीन खिडकीजवळून हलवलं, म्हणून हल्ली मी भिंतीकडे तोंड करून गिऱ्हाइकांचे कपडे शिवते. रेडिओचा प्लेअर उतरवून घेतला, तर त्याने आधी माझी आवडनिवड विचारली. या घरात ती पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं, तेव्हा मी अगदी मनापासून उत्तरं दिली आणि त्याने ती बाजूला ठेवून स्वतःच्या मनाचं लावलं, म्हणजे तोही घरातलाच निघाला. तुझ्या स्टेशनचं नाव टाकलं, तर कुठलीशी बाई परक्या भाषेत काहीतरी वाचू लागली. आईने तीही निमूटपणे ऐकली, ‘तिचं झालं की तो येईल’ म्हणून. मग आवाजच गेला. मी दिसेल त्या बटणावर राग काढला, शेजारच्या मास्तरांना बोलावलं, त्यांनी चष्मा पुसून ‘मशीन जुनं आहे’ एवढं निदान केलं, चहा घेतला आणि गेले. शेवटी कळलं की स्पीकरची वायर मी माईकच्या भोकात खुपसली होती. ज्याने बोलायचं त्याने ऐकत बसायचं, ही आपल्या घरची जुनीच रीत.

आणि मग तू आलास. म्हणजे आधी गादीची जाहिरात आली. ती दर वेळी तुझ्या आधी येते आणि आईला वाटतं तूच ती गादी सुचवतो आहेस, त्यामुळे ती घ्यायची म्हणून तिने माझ्या डोक्याला नुसती भुणभुण लावली आहे. जाहिरात संपली आणि ‘मी थेट स्टुडिओतून, अगदी आत्ता, तुमच्याशी बोलतोय’ असं तू म्हणालास. आईने पडद्याला हात लावून पाहिला. तिला पडद्यावरचं काही दिसत नाही, हे तुला ठाऊक आहेच. डोळ्यांचे डॉक्टर कधीपासून सांगताहेत, मोतीबिंदू पिकला आहे, आणखी थांबलात तर हाती काही राहणार नाही. आणि आईचं एकच, ‘त्याला एक रविवार मोकळा मिळू दे. तो उशाशी असला की करू.’ मी रोज उशाशी असते, पण मी मोजण्यात येत नाही.

पॉजचं बटण तिला मी चाचपडून शिकवलं, ती माझी चूक. तू जरा वेळ बोललास की ती तुला थांबवते. ‘घसा सुकला असेल, पाणी पिऊ दे.’ मग पुन्हा बटण दाबते आणि तू अर्ध्या वाक्यापासून पुढे सुरू होतोस. ‘बघ, माझ्यासाठी खोळंबला होता,’ असं म्हणून ती माझ्याकडे बघते. (मी बसते त्याच्या दुसऱ्या बाजूला बघते, पण भाव माझ्याकडे बघण्याचाच असतो.)

गेल्या रविवारी तुझा फोन आला. डॉक्टरांची तारीख कळवून मी तुला आदल्या रविवारी बोलावलं होतं, त्याचं उत्तर होतं. तू म्हणालास, ‘ताई, रविवारी कसं जमेल? थेट कार्यक्रम असतो. हा बघ, आत्ता आत शिरतोच आहे.’ तेव्हा तू माझ्या पाठीमागे कॉम्प्युटरमध्ये खदखदून हसत होतास. एका कानात तू आत शिरत होतास आणि दुसऱ्या कानात कधीचा बसलेला होतास. आईने चाचपडत बटण दाबून रेडिओतल्या तुला थांबवलं. ‘फोनवर तरी निवांत बोलू दे त्याला,’ म्हणाली.

कार्यक्रम आधी रेकॉर्ड करून ठेवता येतो हे मला कळायला वेळ लागला, पण कळलं. मला राग आला आहे, रे. खोटं बोललास म्हणून कमी, इतकं स्वस्तातलं बोललास म्हणून जास्त. आईला मी काही सांगितलेलं नाही. तब्येतीला जप. आवाज बसला तर सुंठ चघळ.

तुझी,
ताई

ता. क. गादी पाठवू नकोस.

ता. क. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी ऑपरेशन आहे. रविवारी सकाळी तू दारात हवास. तुझा कार्यक्रम चालू असेल, असू दे.

आणखी एक. हे पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात आईने विचारलं, त्याला लिहितेस का? हो म्हटलं. जराशाने म्हणाली, ‘फोनचं त्याला काही लिहू नकोस गं. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, कानांत नाही. पण कळलं तर शरमेल, मग यायचाच नाही.’

मी लिहिलं आहे. ये.