खापर, घर आणि नीलेशचे खिसे

मी, पुष्पाबाई चुडामण पाटील, वय ७४, राहणार धरणगाव, जिल्हा जळगाव. डोकं ठिकाणावर आहे, कान थोडे गेलेत, कोणाचा दाब नाही. माझ्या पश्चात भांडणं नकोत म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात कसा आहे ते पुढे येईलच.

कलम १. पुरणपोळी भाजायचं माझं मातीचं खापर आणि परात नात भाविकाला द्यावी. आमच्याकडे ही पोळी लाटत नाहीत, हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. लांब बोटांच्या बायकांची नखं लागून ती फाटते. माझी बोटं जन्मापासून आखूड, मधलं हाड अर्धंच. पन्नास वर्षांत माझी फाटलेली पोळी कोणी दाखवावी! डॉक्टर म्हणाले, हा रोग नाही, रक्तातून उतरतं. माझे वडील कौतिक आबा यांच्याकडून मला आलं, माझ्याकडून मुलगा नीलेशला, त्याच्याकडून भाविकाला.

कलम २. नणंद सुमनबाईला माझं एक लुगडंसुद्धा देऊ नये. मला पाहायला आले तेव्हा आईने माझे हात पदराखाली ठेवले होते. हळद लावताना सुमनबाईने हात धरला आणि भर मांडवात ओरडली, "हिना बोटं आखूड शेतस वं! फसाडं आमले!" सासू वर्षभर माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. माझ्या तेराव्याला मात्र सुमनबाईला बोलवावं आणि भाविकाच्या हातची पोळी पोटभर वाढावी.

कलम ३. राहतं घर नीलेशला, एका अटीवर. भाविकाला पिंपळनेरचं स्थळ आलंय. फोटो काढताना नीलेशने तिचे हात ओढणीखाली लपवले आणि बजावलं, "पाहुण्यांसमोर हात वर काढू नकोस." पोरगी दोन दिवस जेवली नाही. मला असा संताप आला! पण खरं लिहिते, हे त्याला मीच शिकवलं. त्याच्या सोयरिकीच्या वेळी "हात खिशात ठेव" असं मीच म्हटलं होतं. सून दिपमाला घरात आली, हात पाहून म्हणाली, "एवढंच ना?" तरी याचा हात पंचवीस वर्षं खिशातच. चूक माझी आहे, नीलेश. मला माफ कर. आता अट अशी: पाहुणे येण्याआधी त्याने पिंपळनेरला जाऊन स्वतःचा हात दाखवावा आणि सांगावं, माझ्या मुलीचाही असाच आहे. नाही गेला तर घर भाविकाचं, आणि नीलेशला त्याचे खिसे.

जादा मजकूर. वरचं सगळं नीलेशला वाचून दाखवलं. तो सकाळच्या यष्टीने पिंपळनेरला गेला, दुसऱ्या दिवशी परत आला. मुलाच्या आईने त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला म्हणे, आणि म्हणाली, "इचार करीसन सांगतस." होकार येईल की नकार, ठाऊक नाही. नकार आला तर गेले उडत! पण आल्यावर नीलेश ओट्यावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर दोन्ही हातांनी बशी धरून चहा प्यायला. भाविका त्याच्या शेजारीच बसली होती, ओढणी खांद्यावर, हात मांडीवर उघडे.

सबब कलम ३ मधील अट पुरी झाली. घर नीलेशचं.

अंगठा उठवत नाही, पूर्ण सही करते.

पुष्पाबाई चुडामण पाटील
धरणगाव, दि. १२ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. हितेंद्र मोतीलाल महाजन, शेजारी
२. सुमनबाई वना पाटील, नणंद (कलम २ वाचूनच सही केली)